विहीर उभी असते

मामा ब्लॉकमेकरकडे उमेदवारीला लागला तेव्हा मिसरूडही नीट फुटलं नव्हतं. जस्ताचा पत्रा, नायट्रिक ॲसिड आणि त्यानं पिवळी पडलेली बोटं, हे त्याचं कॉलेज. ऑफसेट आलं तसा तो एका छापखान्यात प्रोसेस कॅमेऱ्यावर गेला आणि उरल्या वेळात दिवाळी अंकांसाठी चित्रं काढू लागला. आता फक्त चित्रंच काढतो.

मी एक खेळ करतेय. ब्राउझरमध्ये चालणारा, मजकुराचा. कोकणातलं बंद घर, श्रावणातला पाऊस. दर पानावर शे-दीडशे शब्द वाचायचे आणि खालच्या दोन-तीन पर्यायांतला एक निवडायचा. एकूण २०,००० शब्द, २४ चित्रं. शब्द माझे, चित्रं मामाची. पेन ड्राइव्हवरून त्याचे स्कॅन आले आणि पुढच्या शनिवारी, जेवणं झाल्यावर, तो माझा लॅपटॉप स्वतःकडे वळवून बसला.

मामा : माझ्या चित्रांची तिकिटं केलीस की गं!

मी : तिकिटं कसली? १२८० बाय ६४० आहेत.

मामा : इंचात सांग.

मी : इंच नाहीत रे इथे. नुसते ठिपके मोजायचे.

मामा : बरं, ३०० डीपीआय तरी ठेवलंयस ना? त्याच्याखाली चित्र छापायला द्यायचं नसतं.

मी : छापत नाहीये आपण. फायलीत ३०० लिही नाहीतर ७२, ब्राउझर सहसा तिकडे ढुंकूनही बघत नाही. आडवे ठिपके किती, उभे किती, एवढंच त्याला कळतं.

मामा : मग कागद कुठला आहे ते सांग. कागद कळल्याशिवाय मी स्क्रीन ठरवत नाही. न्यूजप्रिंटला ६५ ची जाळी, आर्ट पेपरला १३३ ची. न्यूजप्रिंटवर १३३ लावलीस तर शाई पसरते आणि नुसता काळा लगदा होतो.

हा प्रश्न मला आवडला. संगणक शिकलेली माझ्या वयाची बरीच माणसं आधी फाइल बघतात. मामानं आधी कागद विचारला.

मी : कागद म्हणजे फोन. हा माझा जुना बघ. हा ब्राउझरला सांगतो, मी ३६० रुंद आहे. काचेवर प्रत्यक्षात १०८० ठिपके आहेत, म्हणजे एकास तीन. दोन्ही बाजूंना १६-१६ चा समास सोडला की चित्राला उरतात ३२८. तिपटीनं द्यायचं तर ९८४ ठिपके लागतील. मी ७२० चं देते, दुपटीहून थोडं जास्त. लॅपटॉपवर मजकुराचा रकाना मी ६४० वर अडवलाय, म्हणून तिथे १२८०. प्रत्येक चित्राचे हे दोनच आकार. कुठला उचलायचा ते ब्राउझर ठरवतो.

मामा : तिप्पट लागतं म्हणतेस आणि देतेस दुप्पट. ही काटछाट कुणाला विचारून?

मी : डोळ्यांना. दुपटीच्या पुढे फरक कळत नाही.

मामा : कुणाच्या डोळ्यांना?

त्यानं खिशातून भिंग काढलं. छापखान्यातलं, घडीचं, पितळी. ७२० आणि ९८४ अशी दोन्ही चित्रं मी फोनवर एकाखाली एक लावली. मामा पाच मिनिटं काचेवर वाकून बसला. काचेतले तांबडे-हिरवे-निळे दाणे पाहून मध्येच लहान मुलासारखा हरखला, माझा प्रश्न विसरला, मग आठवला. शेवटी सरळ होत म्हणाला, ‘भिंगातून कळतो. चष्म्यातून नाही.’ आणि भिंग घडी करून खिशात टाकलं. मामाची शरणागती अशीच असते, तिचा वेगळा उच्चार होत नाही.

मामा : पण मोठं दिलं म्हणून बिघडतं काय? मोठं असलेलं बरं. ज्याला बघायचंय तो बोटांनी ताणून बघेल.

मी : तुझा एक स्कॅन किती आहे माहितेय? ए-फोर, ६०० डीपीआय. ४९६० बाय ७०१६. पहिल्या दिवशी मी आळस केला, आकार न बदलता नुसतं जेपेग करून टाकलं. १०० एमबीची फाइल ६ एमबीवर आली. खूश झाले. आणि या फोनवर तिसऱ्या खोलीत ब्राउझरनं मान टाकली, पान पांढरं.

मामा : ६ एमबीनं?

मी : ६ एमबी प्रवासापुरती. दाखवायच्या वेळी गाठोडं सोडावं लागतं. मग जेपेग असो नाहीतर आणखी काही, एकेका ठिपक्याला ४ बाइट. गुणाकार कर, १३९ एमबी. एका चित्राचे! १२८० बाय ६४० ला तेच सव्वातीन. फॉरमॅट बदलून नेटचा खर्च वाचतो, फोनच्या डोक्यावरचं ओझं फक्त आकारानंच उतरतं.

इथे मामा गप्प झाला असं वाटलं, पण तो पुढचा मुद्दा जुळवत होता.

मामा : आकार मान्य. पण आकृती? सगळी चित्रं आडवी कापलीस. ओटी आडवी ठीक आहे. पडवी आडवी ठीक आहे. विहीर कशी आडवी कापलीस? विहीर उभी असते.

मी : उभं चित्र लावलं की फोनचा पडदा तिथेच संपतो. मजकूर खाली जातो. माणूस वाचायला आलाय, मामा.

मामा : माणूस विहिरीत डोकवायला आलाय. तूच लिहिलंयस, ‘खाली बघ’. बघणार कुठे? तुझ्या पट्टीत मला काठ दिसतो आणि दोन शेवाळलेले दगड. खोली कुठाय?

मी : मग बाकीच्या २३ पानांची शिस्त?

मामा : शिस्त मोडायलाच तर ठेवायची असते एका जागी.

मला हे पटायला वेळ लागला. दोनास एक हे प्रमाण मी हिशेबानं निवडलं होतं: ३२८ रुंदीला १६४ उंची, म्हणजे चित्राखाली निम्म्याहून जास्त पडदा शब्दांना. हिशेब चूक नव्हता. पण विहिरीच्या पानावर माझे शब्दच चित्राच्या वाटेत उभे होते. शेवटी त्या पानावरचा सगळा मजकूर काढला. एकच उभं चित्र, काठापासून काठापर्यंत, आणि तळाशी, पाण्याच्या काळ्या वर्तुळापाशी, ‘मागे फिर’ आणि ‘वाक’ हे दोन शब्द.

याच विहिरीनं मला आधी एकदा दगा दिला होता. गणपतीला एसटीनं चिपळूणला जात होते, कुंभार्ली घाटात रेंज येत-जात होती, आणि मी आपलाच खेळ खेळून बघत होते. मजकूर आला, चित्र आलं नव्हतं. मी ‘मागे फिर’वर बोट ठेवायला आणि वर चित्र उमटायला एकच गाठ पडली. सगळा मजकूर दीड इंच खाली सरकला, बोट पडलं ‘वाक’वर. मेले. शेजारच्या आजी घाबरल्या, मी इतक्या मोठ्यानं ओरडले.

मामा : जागा राखली नव्हतीस?

मी : नव्हती.

मामा : आम्ही डमीत आधी चौकट आखायचो. ब्लॉक यायला दोन दिवस लागू देत, कंपोझिटर चौकट सोडूनच खिळे जुळवायचा. ब्लॉक आला की तिथे बसायचा, एक ओळ हलायची नाही.

मी : तेच केलं मग. चित्राच्या टॅगमध्ये रुंदी आणि उंचीचे आकडे लिहिले की ब्राउझर चित्र येण्याआधीच तेवढी जागा सोडतो. दोन आकडे. बातमीच्या साइटवर ओळ सरकली तर वाचणारा चिडतो, इथे जीव जातो.

मामा : आणि त्या रिकाम्या चौकटीत तोवर काय दिसतं?

मी : काही जण चित्राचीच एक अगदी चिमुकली, धुरकट नक्कल दाखवतात. मीही दाखवली होती.

मामा : काढून टाक. भुताच्या घरात धुरकट काही दिसलं तर लोक त्यालाच भूत समजतील.

काढून टाकली. आता तिथे सपाट काळपट हिरवा रंग असतो, त्या चित्रात जो सगळ्यात जास्त आहे तो.

मग चहा झाला. चहानंतर मामानं खरी तक्रार काढली. माजघरातलं चित्र त्यानं दौत-टाकानं काढलं होतं: खुंटी, खुंटीवर जुनेर, भिंतीवर पोपडे. ते मोठं करून त्यानं मला पडद्यावर दाखवलं.

मामा : ही बघ, माझ्या रेषेला घाम फुटलाय.

मी : ते जेपेग. ते चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोन म्हणजे हळू आणि भराभर बदलणाऱ्या लाटांची बेरीज असं धरतं. बारीक लाटा डोळ्यांना कमी कळतात, म्हणून त्या आधी उडवतं. आकाश, गाल, धुकं, असल्या गोष्टींना हे फार छान. पण तुझी रेघ म्हणजे पांढऱ्यावर एकदम काळं. ती धार बारीक लाटांनीच बनलेली असते. त्या उडवल्या की रेघेभोवती शिंतोडे राहतात.

(या गणिताच्या मुळाशी बेंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद आहेत. त्यांनी सहकाऱ्यांसोबत १९७४ मध्ये ते मांडलं, १९९२ मध्ये जेपेगचं मानक त्यावर उभं राहिलं. घराघरांतल्या लग्नाच्या फोटोंमध्ये हा माणूस आहे आणि आपल्याला त्याचं नाव माहीत नसतं.)

मामा : म्हणजे हाफटोनच्या कामाला लाइन ब्लॉक लावायचा नाही आणि लाइनच्या कामाला हाफटोन लावायचा नाही. हे मला १९६८ ला कळलं होतं. तुम्हाला इतकी वर्षं काय झालं?

मी : आम्हाला पण कळलेलंच आहे. रेघेसाठी पीएनजी आहे, १९९६ पासून. ते एक ठिपकाही टाकून देत नाही. तुझ्या शाईच्या चित्राला सोळा छटा पुरतात, रेघेच्या कडा गुळगुळीत राहतात आणि फाइल हलकी होते. तेच लॉसलेस वेबपीत ठेवलं तर सहसा आणखी लहान. नऊ चित्रं मी तशी केली.

मामा : आणि बाकीची वॉश असलेली?

मी : ती लॉसी वेबपी. त्यात मात्र एक घोटाळा झाला. देवघरातल्या चित्रात काळ्या भिंतीवर कुंकवाची बोटं आहेत ना…

मामा : आहेत? मला तर वाटलं तू गेरू फासलास.

मी : लॉसी वेबपी उजेड-अंधार प्रत्येक ठिपक्याचा ठेवतं, पण रंग चार ठिपक्यांत मिळून एकदाच. काळ्याशेजारी गडद लाल आला, तोही बोटभर, की तो पसरतो आणि मळतो. जेपेगमध्ये ही रंगाची काटकसर बंद करता येते, लॉसी वेबपीत येत नाही. म्हणून देवघर परत केलं, लॉसलेसमध्ये. बाकी चित्रांच्या दुपटीहून जड झालं. पण कुंकू कुंकू दिसतं.

मामा : आणि रात्रीचं आकाश? पट्टे पडलेत त्याला. साडीच्या काठासारखे.

मी : अंधारातल्या हळूहळू बदलणाऱ्या छटांना आठ बिट अपुरे पडतात. एव्हीआयएफमध्ये दहा बिट मिळतात, आणि फाइलही लहान होते. पण ते क्रोमला २०२० मध्ये आलं, सफारीला २०२२ मध्ये. त्याआधीचा ब्राउझर असेल त्याच्यासाठी वेबपी, तेही ज्याला कळत नाही त्याच्यासाठी जेपेग, अशी उतरंड लावता येते.

मामा : थांब. २४ चित्रं, तीन जाती, दोन आकार. १४४ ब्लॉक?

मी : हो.

मामा : आणि उद्या मी खुंटी डावीकडे सरकवली तर सहा ब्लॉक पुन्हा.

मी : ते काम यंत्र करतं रे.

मामा : यंत्र करतं, पण प्रत्येक प्रूफ बघणार कोण? यंत्र कुंकू बघतं?

हा मुद्दा मी मामाला देऊन टाकला. एव्हीआयएफ काढलं, जेपेगही. आकाशात मामानं मुठीनं स्पंजचा दाणा मारून दिला, त्यात पट्टे बुडाले. छपाईत अशीच युक्ती करायचे म्हणे. फायली अठ्ठेचाळीस उरल्या, आणि त्या सगळ्या मी स्वतः, एकेक, जुन्या फोनवर पाहिल्या आहेत.

एसव्हीजीवर मामा आधी भाळला होता. चित्र म्हणजे ठिपके नाहीत, रेघा कुठून कुठे जातात त्याचा हिशेब. कितीही ताणा, फाटत नाही. त्यानं टाकाची सगळी चित्रं त्यात बदलायला सांगितलं. बदलून दाखवली. टाक दाबून-सोडून ओढलेल्या रेघेचे हजारो बिंदू झाले, फाइल पीएनजीहून जड, आणि रेघ निर्जीव, जणू पाटीवर तारेनं काढली. ‘हा माझा हात नाही,’ म्हणाला, विषय मिटला. घराचा नकाशा तेवढा एसव्हीजीत ठेवला. त्यातही ‘ओटी’, ‘माजघर’, ‘न्हाणीघर’ ही नावं वेगळ्याच वळणाची दिसायला लागली. चित्र म्हणून जोडलेल्या एसव्हीजीला पानाचा फॉन्ट मिळत नाही, ते फोनमधलं हाताला लागेल ते अक्षर उचलतं. नकाशाचा कोड थेट पानात उतरवला तेव्हा अक्षरं घरी आली. कंदिलाची हलती जीआयएफ हवी का, असं मी विचारलं होतं. २५६ रंगांतला तो कंदील बघून मामानं नुसतं माझ्याकडे पाहिलं.

संध्याकाळ झाली तेव्हा खरं भांडण सुरू झालं. तोवरचं नुसतं तांत्रिक होतं.

मी : एक सांगू? मला मनातून वाटतं, चित्रं नकोतच. अमेरिकेत इन्फोकॉम नावाची कंपनी होती, ‘झॉर्क’वाली. निव्वळ मजकुराचे खेळ करायची. आमची चित्रं तुमच्या डोक्यात तयार होतात, असा तिचा दावा होता.

मामा : जाहिरात कशी करायची?

मी : मेंदूचं चित्र छापून.

मामा : (हसत) चित्र छापून! झालं तर.

मी : हसू नकोस. माझा सगळा २०,००० शब्दांचा मजकूर ४०० केबीच्या आत बसतो. देवनागरीच्या एका खुणेला तीन बाइट जातात, तरीसुद्धा. वाटेत दाबून पाठवला की त्याच्याही चौथाईत. आणि तुझी दोन-तीन चित्रं झाली की तेवढं वजन संपलं.

मामा : वजनानं काय विकतेस, रद्दी? मला सांग, तुझं एक पान वाचायला किती वेळ लागतो?

मी : पाऊण मिनिट. हळू वाचणाऱ्याला मिनिट.

मामा : आणि घाटातल्या तुझ्या त्या रडक्या रेंजवर माझं एक चित्र यायला?

मी : साठ केबी… सेकंदाला पन्नास केबी धरले तर सव्वा सेकंद.

मामा : मग माणूस या पानावर वाचत असताना पुढच्या तिन्ही वाटांची चित्रं गुपचूप मागवून ठेव ना! चार सेकंदांचं काम, पाऊण मिनिट हातात. वाचणाऱ्याचा वेळ तुझ्या गाठीला आहे आणि तू पैपैचा हिशेब करतेस.

मी काही बोलले नाही. इतके दिवस मी चित्रं दाबत होते, किलोबाइट कुरतडत होते. मजकुराचा खेळ आणि इतर कुठलंही पान यांत हाच फरक आहे, हे मला मामानं सांगावं लागलं. मजकूर चित्रासाठी वेळ विकत घेतो.

मी : पहिलं पान सोडून.

मामा : पहिलं पान का?

मी : त्याच्या आधी वाचायला काही नसतं. तिथे वेळ शून्य. म्हणूनच सगळी चित्रं खेळाच्या फायलीत शिवून टाकता येत नाहीत. ट्वाइन, म्हणजे ख्रिस क्लिमासनं २००९ मध्ये आणलेलं ते साधन, सगळा खेळ एका एचटीएमएल फायलीत बांधून देतं. त्यात चित्रंही अक्षरांच्या रूपात कोंबता येतात. पण तसं केलं की ती एक-तृतीयांशानं फुगतात आणि पहिलं वाक्य दिसायच्या आधी विहीरसुद्धा उतरवून घ्यावी लागते.

मामा : मग पहिल्या पानाला चित्र नाही?

मी : नाही. फक्त एक वाक्य. ‘कडी आतून लावलेली होती, आणि घरात कोणीच नव्हतं.’

मामा उठून खिडकीपाशी गेला. बाहेर शेजाऱ्यांची पोरं सायकली काढत होती. परत आला तेव्हा त्याचा आवाज जरा वेगळा होता.

मामा : माजघरातल्या खुंटीवर जुनेर आहे. हिरवं. तुझ्या मजकुरात ते कुठेच नाही. ते बघितलं नाही तर पुढे न्हाणीघरातलं कोडं सुटत नाही. बरोबर?

मी : बरोबर. आणि ज्याला दिसत नाही, जो फोनकडून वाचून घेतो, त्याच्यासाठी मी चित्राच्या पर्यायी मजकुरात लिहिलंय, ‘खुंटीवर हिरवं जुनेर’.

मामा : सांगूनच टाकलंस. माझं चित्र कशाला मग? जे शब्दांत आलं ते मी कधी काढलं नाही. कथेत बाई रडतेय म्हटलं की मी चूल काढायचो, विझलेली.

मी : आणि ज्याला दिसत नाही त्यानं कोडं सोडवूच नये?

मामा : त्याच्यासाठी वेगळी खूण ठेव. आवाजाची. वासाची.

मी : म्हणजे वेगळा खेळ.

यावर आमचं जमलं नाही. आजही नाही. खुंटीचं पान तसंच आहे, पर्यायी मजकुरासकट, आणि मामा त्याला ‘फुटलेला पेपर’ म्हणतो.

दिवे लागले. मामानं विजेच्या बिलाची पाठ समोर ओढली आणि पेन्सिलनं काहीतरी रेघाटायला लागला. मी त्याला ‘मिस्टरी हाउस’बद्दल सांगत होते. १९८० चा खेळ, ॲपल टू वरचा, साहसी खेळांत चित्रं आली ती तिथून. रॉबर्टा विल्यम्सनी सत्तरच्या आसपास चित्रं काढली, पण तबकडीवर एवढी चित्रं मावणार कशी? म्हणून त्यांचे नवरे केन यांनी चित्रं साठवलीच नाहीत, रेघ कुठून कुठे ओढायची तेवढे आकडे साठवले. संगणक दर वेळी ते चित्र नव्यानं काढायचा.

‘दर वेळी नव्यानं,’ मामा म्हणाला. ‘चांगला कारागीर होता.’ आणि बिल माझ्याकडे सरकवलं.

दाराला टेकवलेली मिटलेली छत्री. एक मूठ, दोन लांब रेघा, टोक, आणि खाली जमिनीवर एक वेडंवाकडं वर्तुळ.

मी : छत्री कुठून आली? मजकुरात नाहीये.

मामा : म्हणून तर.

मी : पहिल्या पानाला वेळ नाही म्हटलं ना.

मामा : पाच रेघांना कितीसा वेळ लागतो? मोज.

मी बसून मोजलं. कागदावर चौकटी आखल्या, प्रत्येक रेघेचे बिंदू लिहिले, एसव्हीजी हातानं टाइप केलं आणि थेट पानात ठेवलं. ३९० बाइट. माझं वाक्य ११७. मामानं दोन्ही आकडे ऐकले, बिल परत ओढलं आणि छत्रीच्या मुठीवरचा गोंडा खोडून टाकला. ३३८.

पर्यायी मजकुराच्या जागी कर्सर लुकलुकत होता. खुंटीवरून एवढं झाल्यावर मी सावधपणे एकच शब्द लिहिला, ‘छत्री’. मामानं माझ्या खांद्यावरून वाचलं. बराच वेळ काही बोलला नाही.

‘ओली,’ तो म्हणाला. ‘ओली लिही.’